दोरीचा स्पोक

चंद्रपूरहून सायकलने भामरागडला जाऊन आलो हे कळल्यापासून साताऱ्यात लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, वाघ दिसला का? दुसरा, त्या हलक्या चाकांचा काही फरक पडला का? पहिल्याचं उत्तर मी समोरचा माणूस किती वेळ मोकळा आहे ते बघून देतो. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्याला पाच दिवस लागतात, शिवाय एक मेकॅनिक, एक एसटी बस आणि पळसाच्या झाडाची मुळं लागतात. म्हणून सगळ्यांना एकदाच लिहून देतो.

आधी चाकांची हकिकत. साताऱ्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वय एकसष्ट. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढे स्क्रू फिरवल्यामुळे बारीकसारीक फरकावर माझा फार विश्वास. गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या सायकलला नवी चाकं बसवली. जुन्यांपेक्षा दोन्ही मिळून अर्धा किलो हलकी. जुन्या चाकाला छत्तीस स्पोक, ह्याला चोवीसच, आणि तेही चपटे, पात्यासारखे. चाक हातात धरलं की सोडायची भीती वाटायची, न जाणो छताला जाऊन चिकटलं तर! सायकल पहिल्यांदा दुकानाबाहेर लावली तेव्हा वाऱ्याने उडू नये म्हणून मी तिच्यावर लंबकाचं घड्याळ ठेवलं होतं. बायको म्हणते ते घड्याळ गिऱ्हाइकाचं होतं आणि पडून फुटलं. तो वेगळा विषय.

भास्कर हा माझा वीस वर्षांचा सायकलसोबती. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाला आणि मगच त्याच्या गाडीला वेग आला. त्याची सायकल म्हणजे एसटीचंच धाकटं भावंड. जाड नळ्या, छत्तीस स्पोकची चाकं आणि मागे हत्यारांची पिशवी, जी उचलायला मी एकदा शेजाऱ्याला बोलावलं होतं.

तर गेली दोन वर्षं असं चाललं होतं, की भास्कर पुढे आणि मी मागे. दर चार-पाच किलोमीटरवर तो झाडाखाली सायकल टेकवून उभा असायचा. मी धापा टाकत पोहोचलो की म्हणायचा, "ये. दोन मिनिटं बस." एका शब्दाने त्याने कधी टोचलं नाही. त्या न टोचण्याचंच मला जास्त टोचायचं. आपल्यामुळे एका धडधाकट माणसाला बैलगाडीच्या वेगाने जावं लागतंय, हे काही बरं नाही. म्हणून निघायच्या आधी मी जाहीर केलं, "भामरागडच्या संगमापर्यंत स्वतःच्या पायांनी जाईन. वाटेत कुठेही गाडीत बसलो, तर परत आल्यावर सायकल भिंतीला टांगली म्हणून समज. तू दुसरा सोबती शोध."

भास्कर खाली बघत "बरं" म्हणाला. त्याने निदान एकदा तरी "असं नको रे" म्हणावं, एवढी माझी अपेक्षा होती.

मग मी वजन कमी करायला बसलो. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेलची किनार काढली. चाकांसोबत चार जादा स्पोक आणि स्पोक आवळायची चावी आली होती, ती घरीच ठेवली. हे चार स्पोक लक्षात ठेवा.

चंद्रपूर ते मूल

मार्चचा मध्य होता. चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लोकांना सांगून समजणार नाही. सकाळी आठ वाजता माझ्या बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती टाकायचीच बाकी होती. पण रस्ता जंगलातून जातो आणि सागाची पानं गळून गेलेली असली तरी मधूनमधून सावली मिळते. तिथे दहा पावलं तरी माणूस राजा असतो.

आणि काय सांगू, चाकं पळाली! पायडल मारायच्या आधीच सायकल पुढे जायला बघत होती. एका वळणावर वाघ बसला होता रस्त्याच्या कडेला. त्याने मान वळवली, माझी चाकं पाहिली आणि ह्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही असं समजून पुन्हा मान फिरवली. भास्कर म्हणतो ती बांधलेली गाय होती. पण भास्कर तेव्हा मागे होता, आणि मुद्दा नेमका तोच आहे. भास्कर मागे होता! दोन वर्षांत पहिल्यांदा. मी एकदाही थांबलो नाही. मूलच्या अलीकडे भाताची बांधी, म्हणजे खाचरं, लागली, राइस मिलचा भोंगा ऐकू आला, तेव्हा मी मागे वळून बघितलं, तर भास्कर ठिपक्याएवढा दिसत होता.

तो आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने डोक्यावर पाणी ओतलं.

"फरक पडतो की नाही?" मी विचारलं.

"वारा होता तुझ्यामागे," तो म्हणाला.

"माझ्यामागे तू होतास."

त्यावर तो हसला नाही. तेव्हा मला वाटलं, हरलेला माणूस आहे, कशाला हसेल?

मूल

संध्याकाळभर आमचा वाद झाला आणि सकाळी पोह्याच्या गाडीवर तो पुन्हा पेटला. इथे पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात. आमच्याकडे पोहे म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवायची सभ्य गोष्ट. इथे त्या पोह्यांना तोंड आहे आणि ते चावतात. मी भांडता भांडता एक प्लेट संपवली. शेजारीच हिरामणभाऊंचं सायकल दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, गालात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तो इथला घोटलेला मसाला, जो तोंडात असला की माणूस एक तर गप्प बसतो किंवा फक्त खरं बोलतो, अशी माझी तोवर समजूत होती.

"कायले भांडून राह्यले जी सकाळी सकाळी?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं. हिरामणभाऊंनी एका हाताने माझी सायकल उचलली, दुसऱ्या हाताने भास्करची उचलून बघितली, ती उचलली गेली नाही म्हणून पिशवी काढून पुन्हा उचलली.

"उचलताना फरक हाये जी," ते म्हणाले. "गजब फरक हाये. तुमी सायकल डोक्यावर घेऊन जानार असान तं हेच चाकं घ्या."

"आणि चालवताना?"

"थे आता पाहू ना. थांबा."

मग त्यांनी जी परीक्षा मांडली तशी कुठल्या मोठ्या शहरात कुणाला सुचणार नाही. राइस मिलच्या जुन्या पोत्यांचे गोल तुकडे कापून त्यांनी चाकांना दोन्ही बाजूंनी टाचले, म्हणजे आतले स्पोक दिसायला नकोत. दोन्ही सायकलींची चाकं एकाच मापाची होती. ते दोन्ही सायकली दुकानातल्या पडद्यामागे नेणार, माझ्या सायकलला मनात येईल ती चाकं बसवणार, माझी किंवा भास्करची. मी पाच किलोमीटर फिरून यायचं आणि सांगायचं, हलकी की जड. असं तीनदा.

पहिली फेरी मी मारली. "हलकी!" मी ओरडत आलो. पडद्यामागे पाने-पकडीची खडखड झाली. तेवढ्यात पोह्याची आणखी एक प्लेट आली, ती मी खाल्ली. खरं सांगायचं तर दोन आल्या होत्या. दुसरी फेरी मारली. "जड! नक्की जड. दगड बांधल्यासारखी." पुन्हा खडखड. तिसरी फेरी. "हलकी!"

एव्हाना दुकानासमोर वीस-पंचवीस लोक जमले होते. हिरामणभाऊंनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, भास्करकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "तिन्ही खेपेले जडच होते जी. ह्या भाऊचे."

लोक हसले. वाईट नाही हसले. एका म्हाताऱ्याने तर माझ्या पाठीवर हात ठेवून "होते असं, बाप्पा" म्हटलं. मग हिरामणभाऊंनी सायकल पुन्हा पडद्यामागे नेली, खडखड केली आणि माझी चाकं परत लावली म्हणून आणून दिली. म्हणजे काल आलेला वेग चाकांचा नव्हता, तो माझ्या खुशीचा होता, आणि खुशी तर आता गेली होती.

वैनगंगा, आष्टी, आलापल्ली

पुढचे तीन दिवस मी पुन्हा मागे. वैनगंगेच्या पुलावर भास्कर थांबलेला. चामोर्शीच्या आधी आंब्याखाली थांबलेला. "ये. दोन मिनिटं बस." मी बसायचो. तोही बसायचा, तब्येतीत, पाय पसरून, आणि मला त्याची दया समजून आणखी मेल्यासारखं व्हायचं.

पण ह्या मुलखाला मी दोष देणार नाही. ह्या मुलखाने मला जेवू घातलं. एका गावात पाणी मागितलं तर बाईने पाट मांडला. आमच्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग पाणी. इथे आधी पाणी, मग भात, त्यावर तुरीचं वरण, बाजूला जवसाची चटणी, आणि निघताना सायकलवर बसल्यावर कुणाला तरी आठवण होते, "कुठचे होय जी तुमी?" मी त्या घरात भात किती खाल्ला ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की दुसऱ्या वेळी वाढायला शेजारच्या घरून पातेलं आलं.

आष्टीच्या पुढे रस्ता तांबडा होत जातो. सूरजागडकडून खनिज घेऊन येणारे ट्रक एकामागून एक, आणि त्यांची धूळ. आलापल्लीत पोहोचलो तेव्हा आम्ही दोघं इतके तांबडे झालो होतो, की लॉजवाल्याने नाव लिहिण्याआधी बादली दिली. त्या रस्त्यावरचे खड्डे माझ्या चाकांनी मोजले. मागच्या चाकातून एक बारीक टिकटिक यायला लागली होती. चाळीस वर्षं टिकटिक ऐकून पोट भरणारा मी, पण ह्या टिकटिकीकडे दुर्लक्ष केलं.

पेरमिलीच्या पुढे

पाचव्या दिवशी उजाडताच आलापल्लीहून निघालो. संगम पासष्ट किलोमीटरवर. इथून जंगल असं सुरू होतं, की आमच्या साताऱ्याकडचं सगळं रान त्याच्या एका खिशात मावेल. मोहाच्या झाडांखाली जमीन जाळून, झाडून स्वच्छ केलेली होती. बायका-माणसं वाकून पडलेली फुलं टोपल्यांत वेचत होती. हवेला गोडसर, जडसर वास. दर झाडाचं घर ठरलेलं असतं. एका झाडाखाली वेचणारं माणूस शेजारच्या झाडाखालचं फूल, पायाशी पडलं असलं तरी, उचलत नाही. आमच्याकडे बांधावरच्या एका बाभळीवरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत.

पेरमिली मागे पडून अर्धा तास झाला असेल. एका छोट्या मोरीवर खटकन आवाज आला आणि मागचं चाक नागासारखं वळवळायला लागलं. चार वेटोळ्यांनंतर ते फ्रेमला घासून थांबलं. एक स्पोक चाकाच्या मधोमध, हबजवळ तुटला होता. एकच! भास्करच्या छत्तीस स्पोकच्या चाकाचा एक तुटला असता तर उरलेल्या पस्तिसांना कळलंही नसतं. पण हलक्या चाकात आधीच माणसं कमी. एक गेला की सगळं घर वाकडं.

भास्करच्या पिशवीत जादा स्पोक होते, पण गोल आणि लांब. माझे चपटे चार स्पोक साताऱ्यात कपाटात मजेत पडले होते.

"आता?" भास्कर म्हणाला.

मी मागे वळून बघितलं. एसटी येत होती. अहेरीहून भामरागडला जाणारी. मी रस्त्याच्या मधे गेलो आणि हात वर केला. माझा स्वतःचाच हात, पण तो वर जाताना मला जे वाटलं ते मी पुन्हा कधी आठवू इच्छित नाही. वीस वर्षं त्या हाताने हँडल धरलं होतं.

बस थांबली. कंडक्टरने मुंडकं बाहेर काढलं. "चढा जी. सायकली टाका टपावर."

मी पायरीवर पाय ठेवला. खिडक्यांतून सगळी बस बघत होती.

"अप्पा, उतर," भास्कर खालून म्हणाला.

"शर्त शर्त आहे. मी बसलो गाडीत. संपलं. तू ये सायकलने, मी संगमावर थांबतो. आयुष्यात एकदा तरी मी तुझ्यासाठी थांबतो."

"अरे उतर! मूलला हिरामणभाऊ खोटं बोलला. मी सांगितलं होतं त्याला. तू काहीही ओळखलंस तरी जडच होती म्हण, असं."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी तीस वर्षं एसटीने फिरलोय, चढणाऱ्याच्या भांडणासाठी ड्रायव्हर इंजिन बंद करतो हे पहिल्यांदा पाहिलं.

"का?" मी विचारलं.

भास्कर टोपी काढून तिच्याकडे बघत बोलला. "मला दम लागतो. दोन वर्षं झाली. छाती भरून येते. डॉक्टर म्हणाले चालव, पण थांबत थांबत चालव. मी दर चार किलोमीटरला थांबतो ते तुझ्यासाठी नाही. तू मागे असतोस म्हणून मला थांबायला निमित्त मिळतं. चंद्रपूरहून निघालास तो तू थांबलाच नाहीस. मूलला आलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते. म्हटलं ह्याची चाकं अशीच पळाली तर हा जाईल पुढे, आणि मी..."

"मग सांगायचं होतंस!"

"कसं सांगू? तू निघतानाच म्हणालास, दुसरा सोबती शोध."

खिडकीतून एक बाई म्हणाली, "उतरा ना जी, थो भाऊ रडून राह्यला."

"रडून नाई राह्यला, घाम हाये तो," मागच्या सीटवरून कुणीतरी.

"कायचा घाम? मले दिसते ना इथून!"

कंडक्टर म्हणाला, "हे पाहा जी, चढा नाई तं उतरा. भांडन खालतीच करा. मले टाइम हाये."

मी उतरलो. रागाने उतरलो, हे कबूल करतो. बस गेली. धूळ खाली बसली. आणि आम्ही दोघं, दोन सायकली आणि साडेतीन चाकं तिथे उरलो.

रस्त्याकडेच्या मोहाखाली एक म्हातारा माणूस हे सगळं बघत उभा होता. खांद्यावर कावड, तिच्या दोन्ही टोकांना फुलांच्या टोपल्या. त्याच्या झाडाला त्याची सायकल टेकवलेली होती, नुसती चाकं आणि लोखंड, कॅरियरवर भरलेलं पोतं.

"जोहार," तो म्हणाला. "बस सोडून देल्ली?"

"हो."

"काऊन?"

"भांडण होतं आमचं."

"झालं?"

"अजून नाही."

"मंग बसा. भांडन बसून करा."

त्याचं नाव लालसू. आम्ही बसलो. वेचणाऱ्यांतून त्याची बायको आली आणि भोपळ्याच्या तुंब्यातली पेज तिने पानाच्या द्रोणात ओतून दिली. थंड, आंबूस, अंगात उतरली तशी रागातली हवा गेली. शेजारच्या आंब्याला बोरांएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या, मी सवयीने हात वर नेला, तर ती म्हणाली, "अजून नाई खात. पंडुम व्हायचा हाये." पंडुम म्हणजे सण. नवं फळ आधी देवाला, गावाने मिळून, मग माणसांना. आमच्याकडे झाडाला कळायच्या आत कैरी मिठाला लागलेली असते. मी हात खाली घेतला. त्या दिवशी दुसऱ्यांदा माझा हात वर जाऊन खाली आला, आणि ह्या वेळी बरं वाटलं.

लालसूदादांनी दरम्यान माझं चाक काढून मांडीवर घेतलं होतं. तुटलेला स्पोक त्यांनी बोटाने हलवून बघितला. मग शेजारच्या स्पोकवर नखाने टिचकी मारली. टण्. पुन्हा एकावर. टण्.

"हे वढून धरते," ते म्हणाले. "ढकलत नाई. वढते."

माझ्या मेंदूत घंटा वाजली. घड्याळजीचा मेंदू, पण इतके दिवस वजनातच अडकलेला. स्पोक ओढतो! ओढायचंच असेल तर लोखंड कशाला पाहिजे?

त्यांनी कावडीची एक दोरी सोडली. पळसाची मुळं ठेचून, धागे काढून वळलेली, पिवळट, बोटाला खरखरीत. ह्याच दोरीने ते बाज विणतात, ह्याच दोरीने ओझी टांगतात. भास्करने आपल्या त्या जगप्रसिद्ध पिशवीतून पक्कड काढली. तुटलेल्या स्पोकचं टोक वाकवून आकडा केला. लालसूदादांनी दोरी आकड्यातून हबच्या भोकात, भोकातून आकड्यात अशी तीनदा फिरवली, मधे बांबूची काडी घातली आणि पीळ द्यायला लागले. एक पीळ, टिचकी. आणखी पीळ, टिचकी. शेजारच्या स्पोकच्या टण् ला दोरीचा ठप् जवळजवळ जुळला तेव्हा त्यांनी काडी स्पोकला बांधून टाकली. मग भास्करने त्याच पिशवीतल्या चावीने आजूबाजूचे स्पोक सैल-घट्ट करून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. चाक फिरवलं. किंचित लाजत फिरलं, पण घासलं नाही.

लालसूदादांनी सायकल एका हाताने उचलली. "हलकी हाये."

"आहे ना!" मी म्हणालो. पाच दिवसांत कुणीतरी ओळखलं!

"हिच्यावर काय नेतो?"

"काही नाही. मीच बसतो."

त्यांनी आपल्या सायकलवरच्या पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. "मंग हलकी कायले?"

मी सायकल त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

मी आभार मानायला लागलो, दोन्ही हात धरून, पल्लेदार वाक्यांत. ते ओशाळल्यासारखे झाले. म्हणाले, "दोरी पोचली का नाई तेवढं सांगून जा."

भामरागड

निघताना भास्कर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लोखंड गेलं, दोरी आली. आणखी हलकं झालं तुझं चाक. फरक पडतो का?"

मी टांग मारली आणि निघालो. पण चार किलोमीटरवर एक सावली दिसली, आणि मी पुढे होतो, आणि मी थांबलो. "ये," मी म्हणालो. "दोन मिनिटं बस." तो बसला. त्या दोन मिनिटांत माणूस किती वेळा श्वास घेतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. वीस वर्षं शेजारी सायकल चालवून ऐकलं नव्हतं.

असे आम्ही सात-आठ वेळा थांबलो. दुपारी संगमावर पोहोचलो. तीन नद्या, आणि पलीकडे छत्तीसगडचं जंगल. दोरी तसूभर ढिली झाली नव्हती. मी सायकलसकट पाण्यात शिरलो. तिथल्या माशांनी चाक बघायला गर्दी केली. भास्कर म्हणतो मासे नव्हते. ह्या वेळी तो शेजारी होता, तरी म्हणतो.

परत मूल

शर्त जाण्याची होती, येण्याची नव्हती, म्हणून परत एसटीने. सायकली टपावर. पेरमिलीच्या अलीकडे मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ते मोहाचं झाड शोधलं. लालसूदादा होते तिथेच. "पोचली!" मी ओरडलो. "दोरी पोचली!" त्यांनी वाकलेली पाठ सरळ केली आणि हात वर केला. बसमधल्या लोकांनी विचारलं काय पोचलं, आणि आष्टी येईपर्यंत मी त्यांना सांगत होतो.

मूलला उतरलो ते सरळ हिरामणभाऊंकडे. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. "भाऊ, ह्याने सगळं कबूल केलंय. आता खरं सांगा. कुठल्या फेरीला कुठली चाकं होती?"

हिरामणभाऊंनी आधी थुंकून तोंड मोकळं केलं.

"मी बदललेच नाई जी."

"काय?"

"तिन्ही खेपेले तुमचेच होते, हलके. इतक्या गर्मीत कोन चाकं काढते-बसवते? गिऱ्हाईक उभे होते माह्ये. मी पडद्यामांगं पाना ठोकून राह्यलो होतो नुसता."

भास्कर खाली बसला आणि हसायला लागला. पाच दिवसांत पहिल्यांदा तो पोट धरून हसत होता.

"मग दुसऱ्या फेरीला जड का लागली?" मी विचारलं.

"पोहा खाल्ला ना जी तुमी मंधात. दोन प्लेट."

आम्ही आणखी पोहे मागवले.

साताऱ्यात आल्यावर दुकानदाराने तो स्पोक बदलून देतो म्हटलं. मी नको म्हणालो. चोविसातले तेवीस चपटे आणि एक पळसाच्या मुळाचा, असं ते चाक अजून फिरतंय. कपाटातल्या चार स्पोकना मी अधूनमधून नेऊन दाखवतो.

तर हलक्या चाकांचा फरक पडतो का? उचलताना पडतो. चालवताना चालवणाऱ्याला कळत नाही, पोहे मधे आले तर मुळीच नाही. पण मागून येणाऱ्याला कळतो, अगदी छातीत कळतो.

आता दर रविवारी आम्ही यवतेश्वरचा घाट चढतो. चौथ्या वळणावर मी उतरतो, कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "थांब रे भास्कर. चाकं फार जड झालीत आज."

तो दरडीला सायकल टेकवतो. त्याला माहीत असतं आणि मला माहीत असतं.

"थांबू की," तो म्हणतो. "दोन मिनिटं."